फोन त्याच्याच हातात राहू द्या : आकलनाची अडचण असणाऱ्यांसाठी ॲप बनवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुम्ही कोण, आणि तुम्हाला यातलं काय कळतं?

मी बरीच वर्षं पुण्यात ॲप बनवण्याचं काम केलं. आता दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी राहून तेच करतो, टॉवर असला तर. माझा धाकटा भाऊ बौद्धिक दिव्यांग आहे. दर रविवारी तो, विशेष शाळेतून बाहेर पडलेले त्याचे सातआठ सोबती, त्यांच्या आया आणि एक निवृत्त शिक्षिका बाई आमच्या ओसरीवर जमतात आणि आम्ही कोणतं ना कोणतं ॲप उघडून बसतो. आमची संस्था नाही, पाटी नाही, पावतीपुस्तक नाही. अमरावती-यवतमाळच्या कॉलेजांतली पोरं प्रोजेक्टसाठी येतात, ग्रामपंचायतीचं काम घेतलेले येतात आणि तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून एकदाचं लिहून ठेवलं.

आकलनाची अडचण म्हणजे नेमकी कोणाची? 'मतिमंद' म्हणायचं का?

'मतिमंद' हा शब्द जुन्या दाखल्यांवर आणि शाळांच्या पाट्यांवर अजून आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधला शब्द 'बौद्धिक दिव्यांगता' आहे, तोच वापरा. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, या कायद्याने ते २१ केले. स्वमग्नता (ऑटिझम) आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (पोरगं हुशार असतं, पण अक्षरं आडवी येतात) या यादीत तेव्हा आल्या.

पण दाखला असलेल्यांवर थांबू नका. आपल्या विदर्भात दोन गट हमखास सुटतात. एक सिकलसेलचा. तो रक्ताचा आजार म्हणून २१ च्या यादीत आहेच, पण सिकलसेल असलेल्या काही मुलांच्या मेंदूत बाहेरून न दिसणारे बारीक झटके येऊन जातात. हातपाय चालतात, बोलणं नीट असतं, फक्त लक्ष टिकत नाही आणि वाचलेलं डोक्यात राहत नाही. शाळेत त्याला आळशी म्हणतात. दुसरा गट लकवा मारलेल्यांचा. गडचिरोलीत 'सर्च' या आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेने गावागावांत फिरून केलेल्या अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचं सर्वात मोठं कारण निघालं. जे वाचतात त्यांच्यातल्या कित्येकांचे शब्द हरवतात, कामाचा क्रम चुकतो. बुढ्याला पैसे काढायचे आहेत हे पक्कं ठाऊक असतं, आधी काय दाबायचं आणि मग काय, ते सापडत नाही. शिवाय म्हातारपणचा विसर आहे, गाडीवरून पडून डोक्याला लागलेला मार आहे.

या सगळ्यांच्या अडचणी सारख्या नसतात. स्वमग्न मुलीला बारीक अक्षरातली लांब यादी चालेल, पण अचानक वाजलेला आवाज चालणार नाही. माझ्या भावाचं नेमकं उलट आहे.

गावात असे असून असून किती जण? दहा-बारा लोकांसाठी वेगळं ॲप परवडेल का?

वेगळं करूच नका. आहे तेच सोपं करा. आकड्याचं म्हणाल, तर २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग मोजले गेले, पण त्या तक्त्यात स्वमग्नतेला किंवा अध्ययन अक्षमतेला वेगळा रकानाच नव्हता. तो आकडा धरून गावाचा हिशेब मांडू नये.

अक्षर मोठं केलं, बटण मोठं केलं. झालं ना?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून एका रविवारी काय झालं ते सविस्तर सांगतो.

एका योजनेचं ॲप होतं. अक्षर भलं मोठं, बटण हिरवंगार. भावाने मोबाइल नंबर टाकला. त्याला तो पाठ आहे, सुरात म्हणतो. मग ओटीपीची चौकट आली. वरून संदेशाची पट्टी घसरत आली. त्याने 'चार, सात' इतकं वाचलं आणि पट्टी गेली. संदेश कुठे जातात ते त्याला ठाऊक आहे. तो ॲपमधून बाहेर पडला, संदेश उघडला, 'चार सात एक' पुटपुटत परत आला, तर ॲप पहिल्या पानावर! पुन्हा नंबर, पुन्हा नवा ओटीपी. आता संदेशांत दोन ओटीपी. त्याने वरचा सोडून खालचा, म्हणजे जुना टाकला. लाल अक्षरात आलं, 'अवैध प्रविष्टी'. मग तिसरा ओटीपी. तोवर त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि शेजारी बसलेल्या आईचा हात आपसूक पुढे गेला, "दे बरं इकडे." फोन गेला हातातून.

आता हिशेब करा. अक्षराच्या आकाराने त्याला एकदाही अडवलं नाही. अडवलं ते डोक्यात आकडा धरून ठेवायला लावण्याने, बाहेर जाऊन आल्यावर सगळं पुसून टाकण्याने, आणि कोणता ओटीपी खरा ते न सांगण्याने. या तिन्ही गोष्टी ॲप बनवणाऱ्याच्या हातातल्या होत्या.

वेबसाठीची जी जागतिक मानकं आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. तिच्यात लॉगिनबद्दल स्वतंत्र कलमच आहे : आत जाण्यासाठी कोणाला काही आठवायला, कोडं सोडवायला किंवा इकडचे आकडे तिकडे उतरवायला लावत असाल, तर दुसरी वाट किंवा मदत ठेवलीच पाहिजे. म्हणजे फोनला संदेशातला ओटीपी आपोआप भरू द्या, निदान चिकटवू द्या. चिकटवणं बंद करणारी ॲपं अजून आहेत. सुरक्षेच्या नावाखाली चाललेला हा छळ आहे, असं माझं स्पष्ट मत. आणि माणूस बाहेर जाऊन परत आला, तर जिथे होता तिथेच सापडला पाहिजे.

ओसरीवरची आमची मोजपट्टी तेव्हापासून एकच आहे : काम संपेपर्यंत फोन त्याच्याच हातात राहिला का?

'वेळ संपली' हे पान ठेवावंच लागतं. त्याचं काय करायचं?

बँकेसारख्या कामात वेळेची मर्यादा लागते, मान्य. पण मानक असं सांगतं की वेळ संपण्याआधी सूचना द्या, एका साध्या कृतीने वेळ वाढवायला किमान २० सेकंद द्या, आणि असं किमान १० वेळा वाढवू द्या. आपल्याकडे भर हीही घाला की मध्येच लाइट जाते, टॉवर जातो, आणि रेंज यावी म्हणून माणूस गच्चीवर जातो. वेळेचं घड्याळ उलटं पळताना दाखवू नका. आमच्याकडची एक पोरगी ते सेकंद पाहून रडायलाच लागली.

ॲप पूर्ण मराठीत आहे, तरी समजत नाही म्हणतात. असं का?

कारण ते मराठीत नसून परिपत्रकात असतं. 'सत्यापित करा', 'प्रविष्ट करा', 'सादर करा', 'रद्द करा' हे चार शब्द आमच्या ओसरीवर ठेवले. 'रद्द' सगळ्यांना कळला, कारण एसटी रद्द होते. बाकी तिन्ही कोणालाच नाही, आयांनाही नाही. त्याऐवजी 'तपासा', 'लिहा', 'पाठवा' लिहिलं, तर प्रश्नच आला नाही.

वाक्यात एकच गोष्ट सांगा. 'आधार क्रमांक नोंदवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही' यात दोन नकार आहेत. 'आधी आधार नंबर लिहा' यात एकही नाही. चूक दाखवताना काय चुकलं यापेक्षा आता काय करायचं ते लिहा : 'एक आकडा कमी पडला. पुन्हा मोजा.'

मग सगळं वऱ्हाडीतच लिहावं का?

आम्ही करून पाहिलं. हसू खूप आलं, वाचता कोणाला आलं नाही. शाळेत जे अक्षर डोळ्यांना सवयीचं झालं ते पुस्तकी मराठीचं. 'मले' आणि 'तुले' बोलायला गोड, पण कागदावर अनोळखी दिसतात. म्हणून लिहिताना साधी प्रमाण मराठी आणि ऐकवताना गावातला आवाज, असं आम्ही ठरवलं. आमच्या आशा ताईंच्या आवाजात "आता हिरवं बटण दाबा, घाई नाही" असं रेकॉर्ड केलं, तर यंत्राच्या आवाजापेक्षा दुपटीने चाललं. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, आमच्याच जिल्ह्यात कोलामी घरं आहेत. तिथे तर आवाजाला पर्यायच नाही.

आकड्यांचं एक लक्षात ठेवा. देवनागरी आणि इंग्रजी आकडे एकाच पानावर मिसळू नका. कीपॅड इंग्रजी आकड्यांचा असेल, तर त्या चौकटीच्या आसपास सगळे आकडे तसलेच दाखवा. आधारचे १२ आकडे कार्डावर चार-चार-चार असे तुटक छापलेले असतात. तुमची चौकटही तशीच तुटक हवी. सलग १२ आकडे ताडून पाहणं तुम्हालाही जमणार नाही, करून बघा.

चित्रं वापरली की वाचायचा प्रश्न सुटतो ना?

अर्धा सुटतो, अर्धा नवा तयार होतो. मुख्य पानावर जायला आपण घराचं चित्र देतो, उतरत्या छपराचं. आमच्यातल्या एका काकूंनी ते पाहून विचारलं, "घरकुलाचा फॉर्म आला काय?" दात्यांचं चाक, म्हणजे सेटिंग, एकाला सायकलचं वाटलं, एकाला सूर्यफूल. तीन आडव्या रेघा, म्हणजे मेनू, कोणालाच काही वाटल्या नाहीत.

चित्राखाली शब्द नेहमी द्या. एका गोष्टीला एकच चित्र, सगळीकडे तेच. ओळखीच्या वस्तूचा खराखुरा फोटो बहुतेक वेळा रेखाचित्राला भारी पडतो : गावातल्या दवाखान्याचा फाटक, रेशन दुकानाचं शटर, पंचायतीची पायरी. फोटो काढायला पैसे लागत नाहीत. तयार चित्रं हवीच असतील, तर स्पेनमधल्या आरागॉन प्रांताच्या सरकारची 'आरासाक' चित्रं मोफत मिळतात, मात्र ती विकायच्या वस्तूत वापरता येत नाहीत. बोलता न येणाऱ्यांसाठी आयआयटी मुंबईत बनलेलं 'जेलो' चित्रांवर बोट ठेवून बोलायला मदत करतं.

सगळं बोलून दाखवलं तर?

चांगलं, पण आपोआप नको. बटण दाबल्यावर बोलावं, पुन्हा दाबल्यावर पुन्हा तेच बोलावं, कितीही वेळा. आणि खात्यात किती पैसे आहेत किंवा कोणती गोळी चालू आहे, हे एसटी स्टँडवर मोठ्याने ऐकवू नका. दिव्यांग माणसाचंही खाजगी काही असतं हे विसरलेली ॲपं आम्ही पाहिली आहेत.

फॉर्म लांबच असतो, त्याला काय करणार?

एका पानावर एकच प्रश्न ठेवा. किती झाले नि किती उरले ते दाखवा. एकदा विचारलेलं पुन्हा विचारू नका (डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये हेही कलम आहे). भरलेलं आपोआप जपून ठेवा, उद्या उघडलं तरी तिथूनच पुढे. कोणते कागद लागणार ते सुरुवातीलाच सांगा, फोटोसकट. युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा नंबर १८ अक्षर-आकड्यांचा आहे. तो हाताने लिहायला लावण्यापेक्षा कार्डाचा फोटो काढून वाचून घ्या.

पैशाचे व्यवहार त्यांच्या हातात द्यावेत का? फसवतील ना कोणी.

फसवतात, आणि फक्त त्यांनाच नाही. पण भीतीपोटी सगळंच काढून घेतलं, तर माणूस तीस वर्षांचा होऊनही पाच रुपयांच्या बिस्किटासाठी हात पसरतो.

युपीआय सर्कल नावाची सोय २०२४ मध्ये आली, तिची माहिती आमच्याकडे फार कमी घरांत आहे. घरातला एक जण आपल्या खात्यातून दुसऱ्याला मर्यादेत खर्च करायची मुभा देतो. पूर्ण मुभेत महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका वेळी ५,००० रुपये, आणि त्याहून कमी मर्यादा घरच्यांना ठरवता येते. अर्ध्या मुभेत प्रत्येक व्यवहाराला घरचा माणूस आपल्या पिनने मंजुरी देतो. आमच्या घरी भावाची मर्यादा आधी महिन्याला ५०० ठेवली होती. पहिल्याच आठवड्यात त्याने सोबत्यांना भजी चारून ती संपवली. शिक्षिका बाई म्हणाल्या, "पगार झाल्यावर तुम्ही तरी काय केलं होतं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ॲप बनवणाऱ्याने इतकं करावं : रक्कम आकड्यासोबत नोटांच्या चित्रात दाखवावी, पैसे जाण्याआधी कोणाला चालले ते नाव आणि फोटोसकट विचारावं, आणि 'नको' हे बटण 'हो'इतकंच मोठं ठेवावं. घाई करायला लावणाऱ्या सगळ्या पट्ट्या काढून टाकाव्यात.

सोबत कोणीतरी असतंच. मग मदतनीसासाठीच ॲप का बनवू नये?

गावात फोन एकट्याचा नसतोच. तो आई, भाऊ, भाचा असा फिरतो, आणि मदतीला बसलेला माणूस जात्याच घाईत असतो; शेतातली कामं पडलेली असतात. म्हणून तो शिकवत बसत नाही, ओढून घेतो आणि दाबून देतो. त्यात प्रेमच असतं, पण दहा वर्षांनी पोरगा तिथेच राहतो.

तेव्हा दोघांचा विचार करून बनवा. 'मदत मागा' हे बटण प्रत्येक पानावर एकाच जागी हवं. ते दाबलं की ज्याला मदत हवी त्याची स्क्रीन जागची हलू नये, आणि ताईच्या किंवा आईच्या फोनवर तो कुठे अडला ते दिसावं. तिने तिकडून सांगावं, इकडे बोट त्याचंच राहावं. आम्ही असा एक नमुना बनवला तेव्हा आयांनीच कुरकुर केली, "आम्हालेच दाबू द्या ना, लवकर होते." लवकर होतंच, यात वाद नाही.

मूल १८ वर्षांचं झालं की बँक किंवा कचेरी पालकत्वाचा कागद मागू शकते. बौद्धिक दिव्यांगता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूचा पक्षाघात; वर सांगितलेला लकवा नव्हे) आणि बहुदिव्यांगता यांच्यासाठी तो राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून मिळतो. तुमच्या ॲपमध्ये 'पालक' असा रकाना ठेवताना सही त्या माणसाची की पालकाची, हे गृहीत धरू नका, विचारा.

चाचणी कशी घ्यायची? आमच्याकडे प्रयोगशाळा नाही.

ओसरी पुरते. पाच-सहा जण पुरेत, पण वेगवेगळे : एक स्वमग्न, एक लकव्यातून उठलेले काका, एक वाचता न येणारी, एक सगळं वाचणारा पण विसरणारा.

सर्वात मोठी चूक म्हणजे "समजलं का?" विचारणं. उत्तर कायम "हो" येतं. आयुष्यभर 'हो' म्हटल्यावरच लोकांनी त्यांना सोडलेलं असतं. त्याऐवजी "आता काय करशील? दाखव," म्हणा आणि गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड. नागपूरहून आलेल्या एका विद्यार्थ्याला आम्ही शेवटी हात मांडीखाली दाबून बसायला लावलं, कारण त्याचं बोट सारखं स्क्रीनकडे जात होतं.

बाजाराचा दिवस टाळा, पोळ्याच्या आसपासचे दिवस टाळा. गोंगाटात स्वमग्न मुलांची परीक्षा होते, ॲपची नाही. परवानगी आईकडून घ्याच, पण त्या माणसाकडूनही घ्या, आणि मध्येच उठून गेला तर जाऊ द्या. ते उठून जाणं हेही उत्तरच, वहीत टिपून ठेवा. कोणत्या पानावर उठला? शेवटी चहा आणि मेहनताना. रोजंदारीच्या दराने तरी द्या. फुकटात 'सेवा' करून घेणारे पुष्कळ येऊन गेले.

एका आठवड्याने पुन्हा या. पहिल्या दिवशी जमलेलं आठ दिवसांनी जमत असेल, तरच ते जमलं.

कायद्याने हे बंधनकारक आहे का?

हो. २०१६ चा कायदा माहिती-तंत्रज्ञानही सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येईल असं, करायला सांगतो, आणि सेवा देणारा सरकारी असो की खाजगी, दोघांनाही. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सुगमतेचे नियम नुसते मार्गदर्शक असून चालणार नाहीत असं सांगून बंधनकारक नियम करायला केंद्राला तीन महिने दिले. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला आणि केवायसी, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवणं, सुगम करण्यासाठी २० निर्देश दिले. तो खटला ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांनी आणला होता, ज्यांना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावता येत नव्हते. आमच्या सोबत्यांपैकी दोघांना डोळे मिचकावता येतात, पण 'आता मिचकवा' कळेपर्यंत वेळ संपते. सरकारी कामाचं टेंडर भरणार असाल, तर सुगमतेचं भारतीय मानक आयएस १७८०२ वाचून ठेवा.

नवीन काही बनेपर्यंत घरच्यांनी आजच काय करावं?

फोनच्या पहिल्या पानावर चारच चिन्हं ठेवा, बाकी आत ढकला. अँड्रॉइडमध्ये ॲप पिन करायची सोय आहे, तिने एकच ॲप उघडं राहतं आणि चुकून बाहेर पडणं होत नाही. फोन लावायला नावांऐवजी चेहऱ्याचे फोटो लावा. फालतू सूचना बंद करा. आणि अपडेट आपोआप होऊ देऊ नका. एका रात्रीत बटणाची जागा बदलली, की महिन्याची मेहनत जाते. अपडेट करायचंच असतं, पण तुम्ही सोबत बसला असाल तेव्हा करा.

खर्च किती येतो?

बहुतेक बदल काढून टाकण्याचे आहेत, त्याला खर्च नसतो. आवाज रेकॉर्ड करायला एक दुपार आणि पंखा बंद असलेली खोली लागते.

तुमच्या भावाला आता सगळं येतं का?

नाही. ओटीपी अजूनही अडतो. फोटो दाबून फोन लावतो, आवाज रेकॉर्ड करून मामाला पाठवतो, किराणा दुकानात पैसे देतो. मागच्या रविवारी रिचार्ज करताना तो मधल्याच पानावर बराच वेळ थांबला. माझा हात पुढे गेला असावा, कारण त्याने फोन छातीशी धरला आणि म्हणाला, "थांब ना बे, मी करून राहिलो." २३९ ऐवजी २९९ चा मारला. आम्ही तसाच राहू दिला.